खानदेशातील विद्यार्थी आणि परीक्षेचे तंत्र

माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षेत परीक्षकापुढे विद्यार्थी नसतो, त्याची उत्तरपत्रिका असते. वर्षभरात विद्यार्थ्याने जे आत्मसात केले त्यापैकी दोन-तीन तासांत कागदावर जेवढे उतरले तेवढ्याचेच मूल्यमापन होते. म्हणूनच विषयाच्या ज्ञानाबरोबर ते ज्ञान ठराविक वेळेत व ठराविक पद्धतीने मांडण्याची तयारीही शाळेने करून घेणे अगत्याचे ठरते. मोठ्या शहरांत ही तयारी शिकवणी वर्गांतून होते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील गावोगावच्या विद्यार्थ्यांना मात्र ती शाळेतच मिळावी लागते. अन्यथा बहुधा मिळत नाही.

परीक्षांचे स्वरूप

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस शालान्त परीक्षा घेण्याची पद्धत १९७५ पासून सुरू झाली. जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मंडळाच्या नाशिक विभागात मोडतात.

दहावीपूर्वीही विद्यार्थ्यांपुढे दोन महत्त्वाच्या परीक्षा येतात. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद त्या घेते. पहिली शिष्यवृत्ती परीक्षा होय. पूर्वी चौथी व सातवीला असलेली ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी व आठवीला घेण्यात येऊ लागली, आणि ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. दुसरी परीक्षा राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेची असून ती आठवीत होते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के) गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांना तिला बसता येते. निवड झालेल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या घरात मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबते की पुढे चालते, याचा निर्णय या रकमेवर होऊ शकतो.

प्रश्नाची भाषा

खानदेशात घरोघरी अहिराणी बोलली जाते. रावेर-यावल परिसरात लेवा बोली, तर सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी व भिली या भाषा मुलांच्या तोंडी असतात. पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका प्रमाण मराठीत असतात. परिणामी अनेकदा विद्यार्थ्याला उत्तर माहीत असते, पण प्रश्नाने नेमके काय मागितले आहे हे उमगत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे प्रश्नांतील आज्ञार्थी शब्दांचा स्वतंत्र अभ्यास. ‘कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘सकारण स्पष्ट करा’, ‘थोडक्यात टीप लिहा’ असे पंधरा-वीस शब्दप्रयोग प्रश्नपत्रिकांत वारंवार येतात. शिक्षकांनी त्यांचा तक्ता वर्गात लावावा आणि प्रत्येकाचा अर्थ मुलांच्या बोलीत समजावून द्यावा. ‘कारणे लिहा’ म्हणजे ‘काबर’ या प्रश्नाचे उत्तर, हे एकदा पटले की विद्यार्थी वर्णन करीत बसत नाही.

‘फरक स्पष्ट करा’ हे याचे चांगले उदाहरण आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. गंगा व ॲमेझॉन यांच्या खोऱ्यांतील फरक विचारला असता अनेक विद्यार्थी आधी गंगेविषयी एक परिच्छेद व नंतर ॲमेझॉनविषयी दुसरा परिच्छेद लिहितात. मागितलेली असते ती मुद्द्यासमोर मुद्दा अशी मांडणी: खोऱ्यातील लोकवस्ती, शेती, हवामान. माहिती तीच असली तरी पहिल्या पद्धतीत फरक शोधण्याचे काम परीक्षकावर पडते.

पर्यायी प्रश्नांत ‘नाही’, ‘विसंगत’, ‘चुकीचा पर्याय’ हे शब्द निसटून जातात. असा शब्द दिसताच प्रश्नपत्रिका वाचताना त्यावर बोट ठेवून थांबण्याची सवय लावावी.

वेळेचा हिशेब

शिष्यवृत्ती परीक्षेच्या पाचवी-आठवीच्या आराखड्यात दोन पेपर असून प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण व ९० मिनिटे असे प्रमाण राहिले आहे. म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद मिळतात. आर्थिक दुर्बल घटक परीक्षेत बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता अशा दोन्ही चाचण्यांत ९० मिनिटांत ९० प्रश्न असतात. तेथे एका प्रश्नास एकच मिनिट येते. एका अवघड गणितावर पाच मिनिटे घालवणारा विद्यार्थी पुढील चार सोप्या प्रश्नांचा वेळ गमावतो, आणि गुण मात्र सर्व प्रश्नांना सारखेच असतात.

म्हणून प्रश्नपत्रिका तीन फेऱ्यांत सोडवावी. पहिल्या फेरीत वाचताच उत्तर सुचते असे प्रश्न सोडवून सुमारे ४५ मिनिटांत शेवटपर्यंत जावे. दुसऱ्या फेरीत आकडेमोड वा विचार लागणारे प्रश्न घ्यावेत. शेवटची दहा-पंधरा मिनिटे उरलेल्या प्रश्नांसाठी व तपासणीसाठी ठेवावीत.

दहावीच्या गणित व विज्ञान या विषयांच्या प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची व दोन तासांची असते. दर गुणाला अडीच मिनिटे धरली तर लेखन १०० मिनिटांत पुरे होते आणि २० मिनिटे तपासणीस उरतात. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दहा मिनिटे आधी दिली जाई. २०२३ च्या परीक्षेपासून ती ठरलेल्या वेळीच देण्यात येऊ लागली आणि दहा मिनिटे अखेरीस वाढवून मिळाली. त्यामुळे वाचन व प्रश्नांची निवड लेखनाच्या वेळातच करावी लागते. वाचनाला पहिली पाच मिनिटे देण्याचा सराव पूर्वपरीक्षेतच करून घ्यावा.

पर्याय निवडताना

या दोन्ही शिष्यवृत्ती परीक्षांत चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. प्रश्न कोरा सोडल्यास मिळणारे गुण शून्य, हे निश्चित. चार पर्यायांतून अंदाजाने एक निवडल्यास चारांत एक वेळ तो बरोबर येण्याची शक्यता असते. विचाराने दोन पर्याय बाद करता आले तर ती निम्म्यावर जाते. वेळ संपण्यापूर्वी एकही प्रश्न कोरा राहू नये, हा नियम त्यातूनच येतो. मात्र आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असू शकतात व ते दोन्ही नोंदवावे लागतात, याची कल्पना विद्यार्थ्यांना आधीच असावी.

वर्तुळे रंगविण्याची उत्तरपत्रिका ही ग्रामीण विद्यार्थ्यांना नवीन वस्तू असते. चौदावा प्रश्न सोडून पंधराव्याचे उत्तर चौदाव्या ओळीत नोंदवले गेले की पुढील सारीच उत्तरे सरकतात. दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक व ओळीचा क्रमांक ताडून पाहिल्यास हा घात टळतो. पेनाने रंगविलेले वर्तुळ बदलता येत नाही, म्हणून सरावासाठी अशा उत्तरपत्रिकांच्या प्रती शाळेने काढून ठेवाव्यात.

पायऱ्यांचे गुण

गणिताच्या भीतीमुळे अनेक विद्यार्थी दहावीत अडखळतात. त्यांनी प्रश्नपत्रिकेचा आराखडा नीट पाहावा. प्रत्येक भागात ४ गुणांचे पर्यायी प्रश्न आणि ७ गुणांच्या ‘कृती पूर्ण करा’ स्वरूपाच्या कृती असतात. कृतीत उदाहरणाचा सांगाडा दिलेला असतो व केवळ चौकटी भरावयाच्या असतात. दोन्ही भाग मिळून असे २२ गुण होतात. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांकडून जानेवारीत संपूर्ण पुस्तक पुन्हा सुरू करण्यापेक्षा या प्रश्नांचा पक्का सराव आधी करून घेणे अधिक फलदायी होय.

मोठ्या उदाहरणातही गुण पायरीपायरीने मिळतात. दिलेली माहिती, सूत्र, किमतींची मांडणी आणि एककासह उत्तर या क्रमाने लिहिल्यास शेवटच्या आकडेमोडीत चूक झाली तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण जात नाहीत. भूमितीत आकृती काढून नावे दिल्याशिवाय सिद्धतेला हात घालू नये. ‘कोणतेही दोन सोडवा’ अशा सूचनेखाली आपल्याला सर्वांत चांगली येणारी दोन आधी घ्यावीत आणि उत्तराला प्रश्नपत्रिकेतील क्रमांकच द्यावा.

सराव आणि चुकांची वही

धडा पुन:पुन्हा वाचल्याने तो आल्यासारखा वाटतो. परीक्षेत मात्र पुस्तक मिटलेले असते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक भाग राहिल्याचे आढळले. त्यामुळे दररोज धडा झाल्यावर पुस्तक मिटवून पाच मुद्दे लिहिणे, हा बिनखर्चाचा व खात्रीचा अभ्यास होय.

प्रत्येक सराव चाचणीनंतर विद्यार्थ्याने चुकांची वही लिहावी. चूक माहिती नसल्यामुळे झाली, प्रश्न चुकीचा वाचल्यामुळे झाली, आकडेमोडीत झाली की वेळ न पुरल्यामुळे झाली, असे चार रकाने पुरेत. पहिल्या रकान्यातील चुकांना अध्यापन हवे, बाकीच्या तिन्हींना सवय हवी. दोन-तीन चाचण्यांनंतर कोणत्या मुलाला कशाची गरज आहे हे शिक्षकांना स्पष्ट दिसू लागते.

शाळा आणि ग्रामपंचायत

परीक्षांचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक खानदेशात एकमेकांवर येतात. आर्थिक दुर्बल घटक परीक्षेच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, कापसाची वेचणी चालू असते. ऊसतोडीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे दहावीच्या परीक्षेपर्यंत परतलेली नसतात. मार्चमध्ये तापी काठचे ऊन तापू लागते. अशा वेळी एकट्या मुख्याध्यापकांचे प्रयत्न अपुरे पडतात.

ग्रामपंचायतीला काही गोष्टी सहज करता येतील. सायंकाळी एक खोली, दिवे व बसण्याची सोय करून अभ्यासिका चालवता येईल. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची यादी शाळा व्यवस्थापन समितीबरोबर दसऱ्यापूर्वीच करून, त्यांना गावात नातेवाइकांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याची व्यवस्था लावता येईल. परीक्षा केंद्र दूर असल्यास मुलांना, विशेषतः मुलींना, वेळेपूर्वी अर्धा तास पोचवणारे वाहन ठरवता येईल. उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते ही कामे तर निकालापूर्वीच व्हावयास हवीत. निवड झाल्यानंतरही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. दाखल्यावरील, आधारवरील व खात्यावरील नावांत फरक असल्यास मिळालेली शिष्यवृत्ती हातची जाते. निवास-भोजनाची सोय असलेल्या शासकीय निवासी शाळांतील विद्यार्थी या योजनेस पात्र नसतात. तेथील शिक्षकांनी मुलांना इतर योजनांची माहिती द्यावी.

दिव्यांग विद्यार्थ्यांना मंडळाकडून जादा वेळ व लेखनिक यांची सवलत मिळते, परंतु त्यासाठी प्रस्ताव मुदतीत जावा लागतो. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी २०१५ पासून निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेण्यात येऊ लागली. तिचा अर्ज भरण्याची मुदत अल्प असते. निकालाच्या दिवशी अशा मुलांच्या घरी शिक्षकांनी स्वतः जावे. त्या आठवड्यात जो विद्यार्थी शेतावर वा मजुरीवर गेला, तो वर्गात परतेलच असे नाही.

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ चा अधिनियम आहे, कॉपीमुक्त परीक्षेची अभियानेही होतात. पण ज्या विद्यार्थ्याला प्रश्न कळतो, वेळेची वाटणी येते आणि आपल्या हातून किती गुणांचे उत्तर लिहिले जाईल याचा अंदाज असतो, त्याला चिठ्ठीची गरज भासत नाही. ही जाण देणे सातवी-आठवीपासूनच सुरू करावे लागते. त्यासाठी नवीन निधी लागत नाही. आठवड्यातून एक तासिका, जुन्या प्रश्नपत्रिका आणि चुका शांतपणे तपासणारा शिक्षक एवढे पुरते.