खर्जाच्या पेटीची जोडणी

अलीकडे संगीत ऐकण्याच्या यंत्राशेजारीं ‘सबवूफर’ नांवाची एक ठोकळ्यासारखी पेटी अनेक घरांत दिसते. तिचें काम खर्जाचे स्वर वाजविणें, एवढेंच. डबल बेस या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते. लहान स्पीकरच्या पडद्यास त्या स्वरासाठीं लागणारी हवा हलविणें झेपत नाहीं. आतां स्पीकर दोन आणि सबवूफर एक, हें कसें? सेकंदास ८० कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारें सव्वाचार मीटर लांब असते. इतका खालचा स्वर डावीकडून आला कीं उजवीकडून, हें आपल्या कानांस नीट उमगत नाहीं.

अडचण येते ती स्टीरिओ प्रीअँप्लिफायरशीं, म्हणजे आवाज कमीअधिक करण्याचें बटण ज्यावर असतें त्या यंत्राशीं. होम थिएटरच्या यंत्रास सबवूफरकरितां स्वतंत्र सॉकेट असतें; या बिचाऱ्यास बहुधा नसतें. मीं प्रथम काय केलें, तें सांगतों. मागील बाजूस ‘टेप आउट’ अशीं दोन रिकामीं सॉकेटें दिसलीं, त्यांतच तारा खोंचल्या. आवाज उत्तम आला. रात्रीं मात्र व्हॉल्यूम कमी केला तेव्हां गाणें मंद झालें आणि खर्ज तसाच घुमत राहिला. खालच्या मजल्यावरील गृहस्थ दाराशीं येऊन उभे राहिले. त्यांच्या घरीं आजारी माणूस होतें. टेप आउटचा संकेत व्हॉल्यूमच्या बटणाआधींच बाहेर पडतो, हें मला ठाऊक नव्हतें.

संकेत घ्यावयाचा तो ‘प्री आउट’मधून, कारण तो त्या बटणांतून गेलेला असतो. कांहीं यंत्रांस अशा दोन जोड्या असतात. मग एक पॉवर अँप्लिफायरला व दुसरी सबवूफरच्या डाव्याउजव्या ‘लाइन इन’ला द्यावी. एकच जोडी असेल तर प्रत्येक बाजूस एक दुफाटा जोड लावावा. एका उगमांतून दोन पाट काढणें चालतें. परंतु डावें व उजवें अशीं दोन्ही आउट सॉकेटें दुफाट्यानें एका तारेंत आणणें सर्वथा वर्ज्य. दोन्ही बाजू एकमेकींवर भार टाकतात, आवाज बिघडतो, आणि मुख्य स्पीकरांतही डावेंउजवें उरत नाहीं. ती बेरीज सबवूफर आंतल्या आंत करतो. ‘एलएफई’ असें लिहिलेलें सॉकेट टाळावें. पुष्कळ पेट्यांत तेथें वरचे स्वर गाळणारी चाळणी लागू नसते, आणि गायकाचा कंठही त्या पेटींतून घोगरा ऐकूं येतो.

तारा जोडतांना सर्व यंत्रें बंद असावींत. नंतर चाळणीचें बटण ६० ते ८० च्या दरम्यान ठेवून सबवूफरचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवावा. ‘फेज’चें बटण दोन्हीकडे फिरवून, आपल्या नेहमींच्या जागीं बसून, खर्ज जेथें अधिक भरीव वाटेल तेथें ठेवावें, हें काम दोघांनीं केल्यास बरें.

एवढें करूनही एकसारखी गुणगुण ऐकूं आली तर दोन्ही यंत्रें विजेच्या एकाच बोर्डावर घ्यावींत. बहुधा ती थांबते. ती थांबावी म्हणून कांहीं लोक प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसें कदापि करूं नये. यंत्रांत बिघाड होऊन त्याचें धातूचें अंग विजेनें भारलें गेलें, तर हात लावणाऱ्यास वांचविणारी तीच पिन असते.