आदिमानव भाकरी खात नव्हता, मग मी भात सोडू का?

लोकलच्या गर्दीत ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. आजचा विषय: लो-कार्ब, इन्सुलिन आणि 'आपले पूर्वज कुठे धान्य खायचे?' हा व्हॉट्सॲपचा लाडका युक्तिवाद.

सुरुवात घरापासून करतो. गेल्या वर्षी बाबा लालबागच्या चिवडा गल्लीत अचानक घामाघूम झाले, हात थरथरायला लागले. दुकानदाराने खुर्ची दिली, साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा बरं वाटलं. नंतर कळलं, एक व्हिडिओ बघून त्यांनी आठवडाभर भात-चपाती बंद केली होती. मधुमेहाची गोळी मात्र चालूच! त्यांची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी. जेवणातून साखर येईना, इन्सुलिन तेवढंच. मग रक्तातली साखर घसरणारच.

त्याच महिन्यात ऑफिसच्या तपासणीत माझा एचबीए१सी ६.० आला. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. वय २८, वजन ६२ किलो. सगळे मला 'काडी' म्हणतात, आणि मला प्रीडायबेटिस? म्हटलं, हे आता मुळापासून डीबग करायचं.

इन्सुलिन करतं काय?

भात, चपाती, साबुदाणा, पाव, सगळ्यातल्या पिष्टाचं शेवटी ग्लुकोज होतं. ते रक्तात आलं की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन म्हणजे निरोप: 'स्नायूंनो, ग्लुकोज आत घ्या. यकृता, साठा कर. चरबी जाळणं थोडं थांबवा.' यकृतात आणि स्नायूंत चरबी साचली की हा निरोप नीट पोचत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. वर्षानुवर्षं हे चाललं की ते थकतं आणि साखर वर जाते.

म्हणजे लो-कार्बवाल्यांचं हे गणित बरोबर आहे: पिष्ट कमी, तर साखरेची उसळी कमी. पहिल्या सहा महिन्यांत अनेकांचे रिपोर्ट सुधारतात. वर्षभराने मात्र इतर आहारांच्या तुलनेतला फरक कमी होतो, कारण तो आहार टिकवणं अवघड जातं. आणि इन्सुलिन काही फक्त भातानेच वाढत नाही, दुधातल्या प्रथिनांनीही वाढतं. त्यामुळे 'इन्सुलिन हाच व्हिलन' हे जरा जास्तच झालं.

आपल्याकडे इन्सुलिन हा शब्द घराघरांत नेला डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. सूत्र सोपं: कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. गंमत बघा, हा लो-कार्ब नाही. लो-कार्ब म्हणतं भात कमी करा, दीक्षित म्हणतात वेळा कमी करा. दोन्हींत चारची खारी, सहाचा वडापाव आणि रात्री अकराचं बिस्कीट आपोआप सुटतं. माझ्या मते अर्धा फायदा तिथेच आहे.

आणि आदिमानव?

युक्तिवाद असा: माणूस लाखो वर्षं शिकार करून, कंदमुळं खाऊन जगला, शेती आली जेमतेम दहा हजार वर्षांपूर्वी, म्हणून धान्य आपल्याला मानवत नाही. पण कंदमुळांतही पिष्टच असतं की! शिवाय दहा हजार वर्षांत शरीर जागच्या जागी थांबलेलं नाही. लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेज असतं. पिष्ट भरपूर खाणाऱ्या समाजांत त्याच्या जनुकाच्या प्रती सरासरीने जास्त सापडतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथले लोक सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी बार्ली पिकवत होते. म्हणजे धान्य आपल्या ताटात काल-परवा आलेलं नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. खानावळीत भाताचा डोंगर उठवायचे आणि आठ तास साच्यापाशी उभे राहायचे. मीही तोच भात खातो आणि दहा तास खुर्चीत बसतो. हिशोब इथेच बिघडतो.

पूर्वज शोधायचेच तर जवळचे शोधा

मला पटलेलं उत्तर पुण्याचं आहे. तिथल्या केईएम हॉस्पिटलचे (आपलं परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक. १९९३ पासून त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं सुमारे ३.५. पण आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू कमी, आणि चरबी त्या मानाने टिकून.

२००४ मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी. काडी म्हणवून घेणारा मी तिथे थबकलोच.

जेवणानंतर साखर साठवायचं मोठं गोदाम म्हणजे स्नायू. आपलं गोदाम जन्मापासूनच लहान असू शकतं. म्हणून गुहेतल्या माणसाने काय खाल्लं यापेक्षा आजीला आणि आईला पोटभर, चांगलं खायला मिळालं का, हा प्रश्न जास्त कामाचा.

मग मी काय केलं? भात सोडला नाही. आई म्हणालीच होती, "भात सोडलास तर कोकणी कसला?" भात निम्मा केला, उसळ-मासे वाढवले. जेवणानंतर १५ मिनिटं चालतो, आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो. सहा महिन्यांनी आकडा ५.६. एकट्या माणसाचा डेटा आहे, पुरावा म्हणून धरू नका.

धरायचं ते एवढंच: घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर ताटातला भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस बदलावा लागू शकतो. हा एपिसोड आज आई-बाबांना पाठवा. चिवडा गल्लीतल्यासारखी खुर्ची दर वेळी वेळेवर मिळेलच असं नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!