कावळा पावसात का उभा राहिला?

चिऊकाऊची गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली असेल, याची गणती नाही. पण ती मी चुकीची सांगतो आहे, हे कळलं पाबळला.

शिरूर तालुक्यातलं पाबळ काहींना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असतं, तर काहींना डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमामुळे. हातानं काम करत शिकायचं, ही आश्रमाची रीत. तिथली ‘पाबळ डोम’ नावाची घुमटाकार घरं पाहायला मी गेलो होतो. संध्याकाळी पावसानं अडकवलं आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे मुक्काम पडला. घरातली सात-आठ वर्षांची नात जवळ येऊन बसली. पाऊस होताच, मी चिऊकाऊ सुरू केली.

काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पावसात काऊचं घर वाहून गेलं. तो चिऊचं दार ठोठावतो, आणि ती बाळाचं एकेक काम सांगून त्याला थांबवते. शेवटी पाऊस थांबला, काऊ उडून गेला, असं म्हणून मी गोष्ट संपवली.

“आजोबा, मेणाचं घर उन्हाळ्यात वितळत न्हाई का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, गोष्टीतलं घर आहे ते. तिला पटलं. पण पुढचा प्रश्न अवघड होता. “काऊ भिजतोय, तर चिऊ दार का उघडत न्हाई? आमचं छप्पर गळलं तवा आमी शेजारच्या काकूंकडंच झोपलो व्हतो.”

मी गप्प झालो. चुलीपाशी बसलेली तिची आजी म्हणाली, “अवो, तो पिल्लं खातो म्हणून! तुमी शेवटच गाळलाय.”

खरंच गाळला होता. काही घरांत या गोष्टीचा शेवट असा सांगतात, की काऊ आत येतो आणि रात्री चिऊची पिल्लं फस्त करतो. लहान मुलांना कशाला भीती दाखवायची, म्हणून मी तो वगळत आलो होतो. त्यामुळे सावध आई असलेली चिऊ नुसतीच निष्ठुर शेजारीण झाली.

परीकथेचा तर्क हा असा असतो. मेणाचं घर, बोलणारा पक्षी, भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी, यांतलं काहीही मुलं बिनतक्रार मान्य करतात. ‘असं घडू शकतं का?’ यापेक्षा ‘असं का वागला?’ हा प्रश्न त्यांना मोठा वाटतो. भोपळ्यातली म्हातारीही वेळच काढते. लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, असं वाघाला सांगते. पण समोर वाघ आहे, म्हणून तिची थाप आपल्याला शहाणपण वाटते. चिऊची युक्ती तीच. कावळ्यातला धोका काढून टाकला, की युक्तीचा अर्थच उलटतो.

हे जगभर घडलं आहे. फ्रान्समध्ये पेरोनं १६९७ साली छापलेल्या लाल टोपीवालीच्या गोष्टीत लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली तिला वाचवणारा शिकारी आणला. त्यांच्याच पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी सख्खी आई होती. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईची प्रतिमा वाचली, पण दोष सावत्र आईच्या माथी बसला. गोष्ट सौम्य करण्याचीही किंमत असते, ती दुसराच कुणी मोजतो.

मग सगळं जसंच्या तसं सांगावं का? तसंही नाही. तीन वर्षांच्या मुलाला पिल्लांचा शेवट नको, हे मलाही पटतं. पण मग ती गोष्ट थोडी थांबवावी, म्हातारीची सांगावी. भीतीची गोष्ट सांगितलीच, तर मूल मांडीवर असावं, आणि संपल्यावर दिवा मालवून उठून जाऊ नये. त्याचे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

त्या रात्री आजीनं खरा शेवट सांगितला. नात रडली नाही. बराच वेळ विचार करून म्हणाली, “मग आधी पिल्लं वर फळीवर ठिवायची, आन् मग दार उघडायचं.”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)