बाळ जन्मताच रडले नाही तर?



गाय व्याली आणि वासरू निपचित पडले, तर आपण नाकातोंडातील चिकटा पुसतो, अंग गवताने खसाखसा चोळतो. त्याने श्वास घेतला की आपलाही जीव भांड्यात पडतो. माणसाच्या बाळाचेही असेच आहे.

आईच्या पोटात बाळाच्या फुप्फुसांत पाणी असते. जन्मानंतर तेथे हवा शिरावी लागते. सुमारे दहापैकी एका बाळाला यासाठी मदत लागते. बहुतेक बाळे कोरड्या फडक्याने पुसून पाठ चोळली की रडू लागतात. काहींना मात्र रबरी फुगा व मुखवटा लावून मिनिटाला ४० ते ६० वेळा हवा द्यावी लागते. हे पहिल्या मिनिटातच सुरू व्हावे, नाहीतर मेंदूला इजा होते किंवा बाळ दगावते. बैहरच्या जंगलपट्टीतून बालाघाटला जाण्याइतका वेळ तेव्हा नसतो. म्हणून ही विद्या बाळंतपण करणाऱ्याच्याच हातात हवी.

ती खेड्यातही शिकता येते. आपल्यासारख्याच धानाच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकविले. श्वास देणे, ऊब राखणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, हे सारे त्यात होते. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, अशी सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. पुढे २००९ मध्ये भारत सरकारने डॉक्टर व परिचारिकांसाठी नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. त्यात बाहुल्यावर सराव करून घेतात.

आपण काय करावे?

१. बाळंतपण दवाखान्यातच करावे. रोवणीच्या दिवसांत नाले भरतात. तेव्हा दिवस भरत आले की दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आधीच जावे. "फुगा-मुखवटा तयार आहे ना?" असे सिस्टरला अवश्य विचारावे.

२. वाटेतच बाळंतपण झाले तर बाळाला पुसून कोरडे करावे, पाठ चोळावी, आईच्या छातीशी उघडे धरून वरून पांघरूण घालावे आणि १०८ ला फोन करावा. उलटे टांगू नये, फटके मारू नयेत, गार पाणी शिंपडू नये.

३. दवाखान्यातून घरी आल्यावर ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा येते. तिला बाळ दाखवावे.

आपल्यातील ज्या भगिनी परिचारिका आहेत, त्यांना आमची एक विनंती. न वापरलेला विळा गंजतो, तसा हातचा सरावही जातो. दर काही महिन्यांनी बाहुल्यावर हात फिरवीत जा.

बाळ मरणाच्या दारी असेल तर कोणीही त्याला बाप्तिस्मा देऊ शकतो, हे आपण धर्मशिक्षणात शिकलो. श्वास देण्यासाठी मात्र शिकलेले हात लागतात. असे हात प्रत्येक बाळंतिणीजवळ असावेत, म्हणून प्रार्थना करू या आणि खटपटही करू या.