शंभर चिंचोके, एक मेंढरू

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती पाटीची नाहीतर अंकलिपीची. ती वर्षभर लांबली तरी काही बिघडत नाही. या वयात मूल शिकतं ते मोठ्या माणसाशी बोलत बोलत. त्या बोलण्याला रोज नवा विषय लागतो आणि तो चित्रांच्या पुस्तकात भरपूर सापडतो. जालना जिल्ह्यातल्या शहागडसारख्या गोदाकाठच्या गावात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाकडे आणखी एक साठा घरातच असतो, तो म्हणजे पवित्र शास्त्रातल्या गोष्टी. दोन्हींची सांगड घातली तर दिवसातल्या तास-दीड तासात उत्तम घरशाळा चालते. ती कशी, ते सावकाश पाहू.

आधी चित्रांचं पुस्तक. पहिल्या दिवशी त्यातली एकही ओळ वाचायची नाही. मुलाला मांडीवर किंवा शेजारी घेऊन पानं उलटायची आणि त्याची नजर जिथे थांबेल तिथे आपणही थांबायचं. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न लवकर संपतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं असतं. ‘इथे काय चाललंय?’, ‘ही अशी का बघतेय?’, ‘आता पुढे काय होईल?’ असं विचारलं की मुलाला वाक्य जुळवावं लागतं. मूल ‘कुत्रा पळाला’ म्हणालं, तर आपण म्हणायचं, ‘हो, कुत्रा घाबरून झाडामागे पळाला.’ चूक काढायची नाही, त्याच्याच वाक्यात थोडी भर घालायची. दुसऱ्या दिवशी मजकूर वाचून दाखवायचा. मग एखाद्या दिवशी पुस्तक मुलाच्या हातात द्यायचं आणि आपण ऐकणारे व्हायचं.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. काही पालकांना त्यांनी वाचण्याची पद्धत बदलायला सांगितली: प्रश्न मोकळे विचारा आणि मुलाला सांगू द्या. महिनाभरातच त्या मुलांचं बोलणं, नेहमीच्या पद्धतीने पुस्तकं ऐकणाऱ्या मुलांच्या पुढे गेलं. पुस्तकं दोन्ही गटांकडे होती, फरक पडला तो मुलाला बोलायला मिळाल्याने.

मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतं तेव्हा मोठ्यांना कंटाळा येतो. तरी पुस्तक बदलू नये. पहिल्यांदा मूल माणसं ओळखतं, मग घटनांचा क्रम लावतं, मग कारणं शोधू लागतं, आणि हे सगळं एका बैठकीत होत नाही. पुस्तकं निवडताना मराठी घर, मराठी माणसं दिसतील अशी आधी घ्यावीत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांतली पुस्तकं त्यासाठी फार चांगली आहेत. गावात पुस्तकाचं दुकान नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. छापलेली पानं दोऱ्याने शिवून द्यावीत. मोबाइलवर गोष्ट दाखवली की मुलाचं बोट पुढच्या पानाकडे धावतं आणि बोलणं राहून जातं.

आता शास्त्रातली गोष्ट. पुष्कळ घरांत ती तात्पर्यापासून सुरू होते: ‘आज्ञा पाळावी, नाहीतर देव रागावतो.’ हे मला मनापासून चुकीचं वाटतं. चार वर्षांच्या मुलाला देवाची ओळख धाकातून झाली तर पुढची कितीतरी वर्षं तो धाकच उरतो. गोष्ट आधी गोष्ट म्हणून पोचू द्यावी. एका आठवड्याला एकच गोष्ट पुरते. पहिल्या दिवशी आपल्या रोजच्या बोलीत तोंडी सांगायची, मग शास्त्रातला तोच भाग, जेमतेम पाच-सहा ओळी, वाचायचा. पुढच्या दिवसांत मुलाकडून ऐकायची, चित्र काढून घ्यायचं, घरातल्यांनी मिळून ती करून बघायची. ऐकलेली गोष्ट मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावी, मध्ये टोकू नये, ही रीत इंग्लंडच्या शार्लट मेसन यांनी (1842–1923) आपल्या शिक्षणपद्धतीच्या केंद्रस्थानी ठेवली होती. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नकोत आणि लहानांचा धडा लांबवू नये, असाही त्यांचा आग्रह होता.

या गोष्टी मराठवाड्यातल्या मुलाला परक्या वाटत नाहीत. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, खडकाळ जमिनीतलं उन्हाने करपलं, काट्यांत पडलं ते दाबून गेलं, चांगल्या जमिनीतलं तीसपट, साठपट, शंभरपट आलं. हा दाखला पेरणीच्या दिवसांत बांधावर उभं राहून सांगावा. मग चार डब्यांत चार तऱ्हेची माती घेऊन मुलाच्या हातानेच ज्वारीचे दाणे टाकावेत आणि काय होतं ते रोज बघावं. बाळ मोशेची पेटी नदीकाठच्या लव्हाळ्यात सापडली, ही गोष्ट गोदावरीच्या पुलावरून खाली पाहताना सांगता येते.

हरवलेल्या मेंढराचा दाखला तर गणिताचाच धडा आहे. शंभर चिंचोके घ्यावेत, दहा-दहाचे दहा ढीग करावेत. मूल पाठमोरं असताना एक चिंचोका गोधडीखाली लपवावा. कोणत्या ढिगात एक कमी आहे ते मुलाने शोधायचं, मग हरवलेला चिंचोका शोधायचा आणि सापडला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ‘नव्याण्णव’ हा अवघड आकडा अशा वेळी अर्थासकट येतो. आणि एकासाठी मेंढपाळ एवढा का हिंडला, हे मूल आपणहून विचारतं. तो प्रश्न येईपर्यंत उत्तर देऊ नये.

काही गोष्टी मागे ठेवाव्यात. इसहाकाच्या बलिदानाचा प्रसंग या वयात भीतीच देतो. वधस्तंभाची गोष्ट थोडक्यात सांगावी, पण शुक्रवारी थांबू नये. पुनरुत्थानाचा रविवार त्याच बैठकीत यावा.

बायबलच्या छापील चित्रांतली माणसं बहुधा गोरी, युरोपीय चेहऱ्यांची असतात. आपल्याकडे त्याला पर्याय आहे. आंजेलो द फोन्सेका (1902–1967) या गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहून काम केलेल्या चित्रकाराने मरियेला साडी नेसवली, तिला इथल्या बाईचा चेहरा दिला. त्याच्या चित्राची एखादी छापील प्रत भिंतीवर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावी.

गाणी मात्र रोज हवीत. नारायण वामन टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची भजनं आजही गायली जातात. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचं नाव घेणं इथल्या मातीतलंच आहे. जालना परिसराची ख्रिस्ताशी ओळख तर टिळकांच्या भजनांहून जुनी आहे: एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. गावात सप्ताहाचा टाळ आणि अजानही ऐकू येते. शेजाऱ्याची श्रद्धा कमी लेखणारं वाक्य घरच्या धड्यात कधीही नसावं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्या घराला ते शोभणारही नाही.

अक्षरं पाचव्या वर्षाच्या आसपास, मुलाने विचारलं की सुरू करावीत. ग, म, भ, न ही चार वळणं आली की मन, मग, नभ, गगन एवढे शब्द लगेच वाचता येतात. मग काना. धडा दहा-पंधरा मिनिटांचा. उरलेला दिवस पाणी भरणं, मोसंबी निवडणं, भाकरीच्या पिठाचे गोळे मोजणं आणि भरपूर खेळणं. सोबतीसाठी अंगणवाडीत पाठवायला काहीच हरकत नाही. शब्बाथ शाळेतही सवंगडी मिळतात.

सहावं वर्ष लागलं की निर्णय घ्यावा लागतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाला लागू आहे आणि त्यात घरशाळेचा वेगळा उल्लेख नाही. शाळेत घालायचं असेल तर याच कायद्याच्या कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे आधी शाळेत गेलं नाही म्हणून मोठ्या मुलाला पहिलीत बसवत नाहीत. पुढेही घरीच शिकवायचं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या आहेत. माझं मत विचाराल तर गावात चांगली जिल्हा परिषद शाळा असेल तर सहाव्या वर्षी तिथे घालावं आणि शास्त्राची गोष्ट संध्याकाळी घरी चालू ठेवावी.

एक वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. मूल जी गोष्ट परत सांगेल ती त्याच्याच शब्दांत, तारखेसह, आपण लिहून घ्यायची आणि शेजारी त्याने काढलेलं चित्र चिकटवायचं. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर ही वही गुरुजींना दाखवा. मुलाला काय येतं हे त्यांना वेगळं विचारावं लागणार नाही.