घरातील सामायिक प्रिंटर : दोष कोणाचा आणि दोष कोठे?

घरातील एखादी वस्तू बिघडली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'कोणी बिघडविली?' असा. 'काय बिघडले?' हा प्रश्न पुष्कळ उशिरा सुचतो, आणि कित्येकदा सुचतही नाही. ह्या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे, हे आम्हांस गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी एका प्रिंटरच्या निमित्ताने कळून आले. विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना ते उपयोगी पडेल, म्हणून ती हकीकत व तीतून काढलेली माहिती येथे देत आहोत.

बेळगावचा पाऊस आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. श्रावणातील एका संध्याकाळी विजा कडाडू लागल्या आणि दिवे गेले ते दीड तासाने आले. आमच्या घरी दोन बिऱ्हाडे एकत्र नांदतात. संगणक तीन, पण प्रिंटर मात्र एकच. तो माडीवर जिन्याशेजारच्या टेबलावर असतो आणि बिनतारी जाळ्यावरून घरातील सर्वांची कागदपत्रे छापतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कन्येस विज्ञान-प्रदर्शनासाठी चोवीस पानांचा अहवाल शाळेत द्यावयाचा होता. रात्री नऊ वाजता तिने छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर ढिम्म हलेना. पडद्यावर 'ऑफलाइन' एवढा एकच शब्द उमटला. तिने आज्ञा पुन्हा दिली, आणखी एकदा दिली, अशी एकंदर सात वेळा दिली. मग कोणास तरी आठवले की, आमच्या बंधूंच्या सहावीतील चिरंजीवाने दुपारी त्याच प्रिंटरवर गणपतीचे चित्र छापले होते. झाले! 'यानेच काहीतरी दाबले असणार,' असा निकाल लागला, आणि त्या निकालास आम्हीही मान डोलावली, हे येथे कबूल केले पाहिजे. पोर काही बोलले नाही. ताटावरून अर्धपोटी उठले आणि वर जाऊन निजले.

ही गोष्ट क्षणभर बाजूस ठेवू आणि एक पान संगणकापासून कागदापर्यंत कसे पोहोचते ते पाहू. कारण, ज्या वाटेने जावयाचे ती वाट ठाऊक नसेल, तर ती कोठे खचली आहे हे कसे कळणार?

एका प्रिंटरवर अनेकांनी छापावे ही कल्पना आजची नव्हे. १९७३ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ व त्यांचे सहकारी ईथरनेट हे जाळे विणू लागले. केंद्रातील संगणक एकमेकांशी जोडावे आणि त्या सर्वांना नव्या लेसर प्रिंटरचा उपयोग करता यावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. म्हणजे आज आपल्या घरात जे जाळे आहे, त्याच्या मुळाशीच सामायिक प्रिंटर आहे!

आपण 'छापा' अशी आज्ञा दिली म्हणजे पान एकदम प्रिंटरकडे धावत नाही. प्रथम ड्रायव्हर नावाची आज्ञावली त्या पानाचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करते. तिला दुभाषी म्हणावे. नंतर स्पूलर नावाची सेवा ते काम रांगेत उभे करते. पाळी आली की काम प्रिंटरच्या पत्त्यावर रवाना होते, आणि घरातील राउटर पोस्टमनप्रमाणे ते त्या पत्त्यावर नेऊन पोचवितो. हा पत्ता चार अंकगटांचा असतो आणि घरगुती जाळ्यात बहुधा त्याचा आरंभ १९२.१६८ असा होतो. तो कायमचा नसतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. राउटर तो पत्ता भाड्याच्या खोलीप्रमाणे ठराविक मुदतीसाठी देतो. ह्या पद्धतीस डीएचसीपी असे नाव असून तिचे नियम प्रथम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

काही घरांत मांडणी थोडी निराळी असते. तेथे प्रिंटर एका संगणकास तारेने जोडलेला असतो आणि इतर सर्व त्या संगणकामार्फत छापतात. अशा घरी तो यजमान संगणक बंद असेल, किंवा नुसता निद्रावस्थेत गेला असेल, तरी इतरांची कामे दारातच खोळंबतात. प्रिंटर धडधाकट असूनही निकामी भासतो तो पुष्कळदा ह्याच कारणाने.

आता दोष शोधण्याचा क्रम पाहू. पहिली पायरी म्हणजे उठून प्रत्यक्ष प्रिंटरपाशी जाणे. हे सांगणे पोरकट वाटेल. परंतु दिवा लागला आहे काय, कागद आहे काय, कोठे अडकला आहे काय, शाई आहे काय, हे पडद्यासमोर बसून नेहमीच कळते असे नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत लेसर प्रिंटर असाच सामायिक होता. लोक आपापल्या जागी बसून वाट पाहत, आणि पुष्कळ वेळाने जाऊन पाहावे तो कागद अडकलेला! तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी पूर्वीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत अशी सोय केली होती की, कागद अडकताच खोळंबलेल्या सर्वांना आपापल्या पडद्यावर सूचना मिळावी. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली त्यांना देण्यात आली नाही, म्हणून ती सोय करता आली नाही. आज्ञावली सर्वांना पाहता व सुधारता यावी, ह्या त्यांच्या पुढील चळवळीमागे हा अनुभवही होता. असो. प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचे स्वतःचे माहितीपत्रक छापून घ्यावे. ते नीट उमटले तर प्रिंटरचे शरीर निरोगी आहे, दोष वाटेत आहे, असे समजावे.

दुसरी पायरी म्हणजे घरातील दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून एक पान छापून पाहणे. दुसरीकडून छापले गेले, तर दोष पहिल्या संगणकात आहे. कोठूनच छापले जात नसेल, तर दोष प्रिंटर, राउटर किंवा यजमान संगणक ह्यांपैकी कोठेतरी आहे. एवढ्या एका परीक्षेने शोधावयाचे क्षेत्र निम्मे होते.

तिसरी पायरी पत्त्याची. माहितीपत्रकावर जाळ्याचे नाव आणि प्रिंटरचा पत्ता छापलेला असतो. पत्त्याचा आरंभ १६९.२५४ असा असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि प्रिंटरने आपला आपणच तात्पुरता धारण केला, असे ओळखावे. वायफायचा परवलीचा शब्द बदलला असेल, तरीही प्रिंटर जाळ्याबाहेर पडतो. कित्येक प्रिंटरांना केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्याच लहरी कळतात, ५ गिगाहर्ट्‌झच्या कळत नाहीत. आणि संगणक चुकून पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निराळ्या जाळ्यास जोडला गेला असेल, तर एकाच घरात असूनही दोघांची गाठ पडत नाही.

चौथी पायरी हाक मारून पाहण्याची. संगणकात 'पिंग' नावाची एक लहानशी आज्ञा असते. ती माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि पाण्याखालील वस्तूंचा ध्वनीने वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिचे नाव ठेवले. तिच्यापुढे पत्ता लिहिला की संगणक त्या पत्त्यास हाक मारतो आणि उत्तर आले की नाही ते सांगतो.

पाचवी पायरी रांगेची. रांगेतील पहिलेच काम अडले, तर मागची सर्व कामे अडतात. अशा वेळी आज्ञा पुन्हा पुन्हा देणे म्हणजे रांग लांबविणे होय. अडलेले काम रद्द करावे. ते हटेनासे झाले, तर स्पूलर सेवा थांबवून, रांग रिकामी करून, सेवा पुन्हा सुरू करावी. एवढ्यानेही निभावले नाही, तर सर्व यंत्रे बंद करून आधी राउटर, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर आणि शेवटी संगणक, अशा क्रमाने चालू करावीत. पोस्टमन कामावर येण्यापूर्वी पत्र टाकून काय उपयोग?

सहावी पायरी परवानगीची. विंडोज प्रणालीत घरचे जाळे 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले असेल, तर संगणक सावधपणे आपली दारे लावून घेतो. ते 'प्रायव्हेट' करावे आणि यजमान संगणकावर प्रिंटर सामायिक केल्याची खूण आहे ना, ते पाहावे. कधीकधी प्रणालीच्या सुधारणांमुळेही व्यत्यय येतो. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलर सेवेत एक गंभीर दोष उघडकीस आला. तो बुजविण्यासाठी आलेल्या सुधारणांनंतर सामायिक प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्यास संगणकाच्या व्यवस्थापकाची परवानगी लागू लागली, आणि कित्येकांचे प्रिंटर काही काळ रुसून बसले. अशा प्रसंगी सुरक्षिततेची दारे सताड उघडून ठेवू नयेत. व्यवस्थापकाच्या अधिकाराने ड्रायव्हर रीतसर बसवावा.

ह्या सर्व पायऱ्यांना दोन नियम लागू आहेत. एका वेळी एकच बदल करावा, आणि केलेला बदल कागदावर लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि प्रिंटर चालू झाला, तर काम होईल. पण कारण कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारच.

आता आमच्या हकीकतीकडे वळू. हा क्रम आम्हांस त्या रात्री अवगत होता असे नाही. माहितीपत्रक छापले, ते सुरेख उमटले. ते तसेच टेबलावर राहिले. दुसऱ्या संगणकावरूनही छपाई होईना, तेव्हा कन्येचा संगणक निर्दोष ठरला. मग संगणकात नोंदलेल्या पत्त्यास, म्हणजे १९२.१६८.१.५ ला, हाक मारली. चटकन उत्तर आले! वाट मोकळी आहे असे समजून आम्ही ड्रायव्हर काढून पुन्हा बसविण्यात अर्धा तास घालविला. फळ शून्य. अखेर सहज टेबलावरचे माहितीपत्रक हाती घेतले, तो त्यावर प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.९ असा! मग पाचव्या घरातून ओ दिली कोणी?

ओ दिली होती मुक्कामास आलेल्या आमच्या भाच्याच्या फोनने. विजा चमकू लागताच आम्ही राउटर व प्रिंटर ह्या दोहोंचे प्लग काढून ठेवले होते. दिवे आल्यावर राउटर लागलीच सुरू केला, प्रिंटर मात्र जेवणानंतर. आमचा राउटर बंद पडला की कोणती खोली कोणास दिली होती हे विसरतो. भाच्याचा फोन मधल्या वेळात जाळ्यात शिरला, त्यास प्रिंटरची जुनी खोली मिळाली, आणि मागाहून आलेल्या प्रिंटरला नवी. संगणक बिचारे जुन्याच पत्त्यावर पत्रे टाकीत राहिले. हाकेस उत्तर आले म्हणजे ज्याला हाक मारली तोच बोलला, असे नव्हे, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

उपाय दोन मिनिटांचा होता. संगणकात नवा पत्ता नोंदविला. तत्पूर्वी रांगेतील सहा जादा कामे रद्द केली. नाहीतर चोवीस पानांच्या सात प्रती, म्हणजे १६८ पाने बाहेर पडली असती. साडेअकराला अहवाल छापून झाला. दुसऱ्या दिवशी कायमचा बंदोबस्त केला. प्रत्येक यंत्रास कारखान्यातूनच एक ओळखक्रमांक मिळालेला असतो. राउटरच्या व्यवस्थेत त्या क्रमांकापुढे एक पत्ता राखून ठेवता येतो. मग वीज कितीही वेळा गेली तरी प्रिंटरची खोली दुसऱ्या कोणास दिली जात नाही. ही सोय बहुतेक राउटरांत असते आणि ती करून घेण्यास खर्च काहीच नाही.

राहता राहिला आमचा पुतण्या. गणपतीच्या चित्राचा ह्या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता. प्लग काढणारा आणि ते मागेपुढे लावणारा हात आमचा होता. सकाळी चहाच्या वेळी आम्ही ते सर्वांसमक्ष सांगितले आणि त्याची क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे काका, मी काहीच बिघडवलं नव्हतं ना?" आम्ही म्हणालो, "नाही रे बाळा, काहीच नाही." त्या एका वाक्यासाठी तो रात्रभर थांबला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले. आदल्या रात्री अर्धा तास ड्रायव्हरपाशी घालविणाऱ्या आम्हांस, त्याच्यापाशी जाऊन 'दुपारी काय काय केलेस?' एवढे विचारावयास एक मिनिट मिळाले नव्हते.

त्याच दिवशी त्याने प्रिंटरचा राखीव पत्ता एका चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिला आणि ती चिठ्ठी टेबलास चिकटविली. तिच्याखाली आम्ही एक ओळ स्वतःच्या हाताने जोडली आहे : 'छपाई होत नसल्यास आधी कारण शोधावे.' वाचकांनीही आपापल्या घरच्या प्रिंटरपाशी अशी एक चिठ्ठी लावून ठेवावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.