महाकाय मांसाहारी डायनोसॉर: शिकारीविषयीच्या वेगळ्या उपपत्ती

टायरॅनोसॉरस मुख्यतः मेलेल्या प्राण्यांच्या मांसावर जगत असे, असे मत अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जॅक हॉर्नर यांनी १९९०च्या दशकात मांडले. आखूड हात आणि तीव्र घ्राणशक्ती हे त्यांचे प्रमुख आधार होते. त्याच्या दातांच्या करवती कडांत अडकलेले मांस कुजून चावा जंतुयुक्त होत असावा, असे विल्यम अ‍ॅबलर यांनी १९९२मध्ये सुचवले.

अ‍ॅलोसॉरस जबडा वासून वरचे दात कुऱ्हाडीसारखे भक्ष्यावर हाणत असावा, ही रॉबर्ट बेकर यांची कल्पना. २००१मध्ये एमिली रेफील्ड व सहकाऱ्यांनी कवटीची संगणकीय प्रतिकृती तपासली, तेव्हा चाव्याच्या जोराच्या कितीतरी पट ताण ती सोसू शकते असे आढळले. २०१३च्या एका अभ्यासानुसार मात्र तो ससाण्याप्रमाणे मान मागे खेचून लचके तोडत असावा.

हॉर्नर यांच्या मताला २०१३मध्येच एका जीवाश्माने धक्का दिला. साउथ डकोटातील बदकचोच्या डायनोसॉरच्या शेपटीच्या मणक्यांत टायरॅनोसॉरसच्या दाताचे टोक रुतले होते आणि त्याभोवती नवे हाड वाढले होते. म्हणजेच चावा बसला तेव्हा प्राणी जिवंत होता आणि तो त्यातून वाचला. टायरॅनोसॉरस आयते मांसही खात असणार. पण तो शिकारी होता, हेच आज बहुतेक अभ्यासक मानतात.